उन्हात बंद, सावलीत चालू: गाडीच्या ‘डेल्को’मधला सेन्सर का बिघडतो?

मे महिन्यातली दुपार. यावलहून भुसावळला निघालेली जुनी ओम्नी आचके देते आणि रस्त्यातच बंद पडते. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण चालू होत नाही. अर्ध्या तासाने मात्र पहिल्याच सेल्फमध्ये चालू! गॅरेजमध्ये नेईपर्यंत इंजिन थंड झालेलं असतं, त्यामुळे दोष सापडत नाही. मग अंदाजाने आधी प्लग, नंतर कॉईल, नंतर पेट्रोल पंप बदलला जातो. खर्च होतो, दुखणं तसंच राहतं.

अशा वेळी डिस्ट्रिब्युटरमधल्या छोट्या सेन्सरवर संशय घ्यायला हवा.

डेल्को म्हणजे काय?

गॅरेजमध्ये डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणतात. हे मुळात एका अमेरिकन कंपनीचं नाव. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये ती सुरू केली आणि इंजिनाच्या इग्निशनमुळे ती नावारूपाला आली.

डेल्कोची कामं दोन. कॉईलमधला हजारो व्होल्टचा करंट योग्य प्लगला वाटून देणं आणि ठिणगी नेमकी कधी पडावी हे ठरवणं. अँबेसेडर, पद्मिनी यांसारख्या जुन्या पेट्रोल गाड्यांत दुसरं काम ‘पॉइंट’ करत. नंतरच्या अनेक गाड्यांत त्यांची जागा सेन्सरने घेतली. हा सेन्सर दोन प्रकारचा असतो: बारीक तारेची पिकअप कॉईल किंवा हॉल सेन्सरची चिप. शाफ्टवरचा दाता समोरून गेला की सेन्सर इशारा देतो आणि इग्नायटर ठिणगी पाडतो. इशारा नाही, तर ठिणगीही नाही.

सेन्सर का बिघडतो?

१. उष्णता. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ओम्नीचं इंजिन तर पुढच्या सीटखाली, म्हणजे हवा खेळायला जागा कमी. पिकअप कॉईलची तार अतिशय बारीक असते. वर्षानुवर्षं तापून-निवून तिला कुठेतरी तडा जातो. तापल्यावर तुटलेली टोकं दूर जातात, थंड झाल्यावर पुन्हा टेकतात. गाडी थांबवल्यावर हवेचा झोत बंद होतो आणि बॉनेटखालचं तापमान काही मिनिटं आणखी चढतं. म्हणून चहाला थांबलेली गाडी नंतर चालूच होत नाही.

२. आतली वायर तुटणं. व्हॅक्यूम ॲडव्हान्स असलेल्या डेल्कोत सेन्सरची प्लेट ॲक्सिलरेटरनुसार पुढे-मागे सरकते. वायर सतत वाकते आणि आतून तुटते. वरचं प्लास्टिक शाबूत असल्याने नुसत्या नजरेला काही दिसत नाही.

३. बुश झिजणं. सेन्सर आणि दाता यांच्यातलं अंतर मिलिमीटरचा काही अंश इतकंच असतं. बुश झिजला की शाफ्ट डुगडुगतो आणि हे अंतर बदलत राहतं. गाडी मिसिंग करते. कधी दाता सेन्सरवर घासतोही. अशा वेळी नुसता सेन्सर बदलून उपयोग नाही.

४. ऑइल आणि धूळ. शाफ्टचं सील कडक झालं की इंजिन ऑइल डेल्कोत शिरतं. त्यात धूळ मिसळून चिखल होतो, वायरचं आवरण आणि जोड खराब होतात.

५. ओल आणि गंज. पावसाळ्यात कनेक्टरच्या पिना गंजतात, अर्थिंग सैल पडतं. सेन्सर चांगला असूनही इशारा पुढे पोहोचत नाही.

६. भरकटलेला करंट. प्लगची वायर सुटलेली किंवा खराब असेल, तर करंट दुसरी वाट शोधतो आणि इग्नायटर किंवा सेन्सर जाळू शकतो. एलपीजी, सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून अशा गाड्यांत प्लग आणि वायर वेळेवर बदलणं महत्त्वाचं.

दोष सेन्सरचाच, हे कसं ओळखायचं?

थंड झाल्यावर गाडी चालू झाली, एवढ्यावरून सेन्सर दोषी ठरत नाही. पेट्रोलची वाफ अडकली किंवा इग्निशन कॉईल तापली तरी असंच होतं. म्हणून तपासणी गाडी बंद पडलेली असतानाच, गरम इंजिनावर व्हायला हवी.

मेकॅनिकने स्पार्क टेस्टर लावून सेल्फ मारावा. ठिणगी पडत असेल, तर आधी पेट्रोलचा पुरवठा पाहावा. ठिणगी नसेल, तर कॉईल, इग्नायटर, सेन्सर आणि त्यांच्या वायरी तपासाव्यात. वायर हातात धरून ठिणगी पाहू नये, झटका जीवघेणा ठरू शकतो.

पिकअप कॉईलचा रेझिस्टन्स मल्टीमीटरवर गरम आणि थंड अशा दोन्ही वेळी मोजावा. तापल्यावर तो थोडा वाढणं स्वाभाविक आहे. पण मीटर ‘ओपन’ दाखवत असेल किंवा वायर हलवताच आकडा उड्या मारत असेल, तर दोष सापडला. हॉल सेन्सरला ही चाचणी चालत नाही. त्याला सप्लाय देऊन, शाफ्ट फिरवून इशारा येतो का ते पाहावं लागतं.

काय काळजी घ्यावी?

- तापलेल्या डेल्कोवर थंड पाणी ओतू नका. कॅपला तडा जाऊ शकतो.
- डेल्को खोलण्याआधी त्याची बॉडी आणि रोटर यांच्या जागेवर खूण करून घ्या. नंतर टायमिंग तपासून घ्या. टायमिंग चुकलं तर इंजिन तापतं, ठोके देतं.
- इग्नायटर बदलताना, कंपनीने सांगितलं असेल तिथे त्याखाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली आहे ना, ते पाहा.
- सेन्सरबरोबर सील आणि बुशही तपासून घ्या.

केळीच्या ट्रकांची वर्दळ असलेल्या अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर अचानक बंद पडलेली गाडी अपघाताला निमंत्रण देते. एकदा असं झालं की गाडी किती वेळ चालली होती, किती वेळाने पुन्हा चालू झाली आणि पाऊस होता की ऊन, हे लिहून ठेवा. गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी चालली, तरी ही नोंद मेकॅनिकला योग्य जागी नेऊन पोहोचवेल.