तानसेकाठची उन्हाळी : कुंड, धर्मशाळा आणि मुक्काम

अलीकडे ठाण्या-डोंबिवलीतून जपानच्या सहली निघू लागल्या आहेत. सहलीच्या पत्रकात फुजी पर्वत, बुलेट ट्रेन आणि हाकोने ही नावे हमखास असतात. हाकोनेला आशी सरोवराच्या परिसरात, तिथल्या पारंपरिक सराईत म्हणजे र्‍योकानमध्ये एक रात्र मुक्काम, अंगावर सुती युकाता, गरम झऱ्याच्या हौदात गळ्याइतक्या पाण्यात बसणे आणि समोर डोंगर. परत आलेली मंडळी फोटो दाखवतात आणि म्हणतात, "आपल्याकडे असं काही नाही."

माजिवड्यात राहणाऱ्याला हे ऐकणे जड जाते. माजिवड्याच्या नाक्यावरून बाळकुम, कशेळी, भिवंडी करत वाड्याच्या रस्त्याला लागले आणि अंबाडी नाक्याला डावीकडे वळले की दीड-दोन तासांत माणूस तानसा नदीच्या काठी पोहोचतो. अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी. नदीच्या पात्रात आणि काठावर जमिनीतून ४५ ते ५५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी बाराही महिने वर येते. जपानी माणूस ज्या हौदात बसतो त्याचे पाणी साधारण ४० ते ४२ अंशांचे असते. म्हणजे उष्णतेत आपण कुठे कमी नाही. पाणी आहे, डोंगर आहे, नदी आहे, वर तानसा तलावही आहे. मग इथे कुंड झाले आणि तिथे सराई झाली, हे कसे? या प्रश्नाच्या मागे लागून जे हाती आले ते इथे मांडतो आहे.

आधी शब्द पाहू. गरम पाण्याच्या झऱ्याला कोकणात जुना शब्द आहे उन्हाळे. तो गावांच्या नावांत मुरला आहे. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे ही सगळी त्याच घराण्यातली नावे. खानदेशात उनपदेव आहे. उत्तरेला पालघरजवळच्या कोकनेरपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात ही उन्हाळी एका माळेसारखी येतात : सातिवली, गणेशपुरी, उन्हेरे, महाडजवळचे सव, उन्हवरे, मुंबई-गोवा रस्त्यावरची आरवली, तुरळ, राजवाडी, मग राजापूर. सर्वांत कढत उन्हवऱ्याचे, ७० अंशांच्या घरातले. ज्या भाषेत एखाद्या वस्तूला स्वतंत्र शब्द असतो आणि त्यावरून गावे वसतात, तिथे ती वस्तू लोकांनी दुर्लक्षिलेली नसते.

हे पाणी ज्वालामुखीमुळे तापते असा समज सर्रास आहे. तो जपानला लागू पडतो. आशी सरोवरच मुळी हाकोने ज्वालामुखीच्या विवरात साठलेले आहे. आपला सह्याद्रीचा कातळ मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, केव्हाच थंड झालेला. आपल्याकडे पावसाचे पाणी कातळातल्या भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. दुसरा समज गंधकाचा. तानसेकाठच्या पाण्याला वास येतो म्हणून फलकांवर 'गंधकाचे पाणी' लिहिलेले असते. पण रासायनिक पृथक्करणात ठळक दिसते ते मीठ, सोडियम आणि कॅल्शियमची क्लोराइडे. श्रद्धाळूंचे उत्तर निराळे आहे. देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्ताने पाणी तापले, असे ते सांगतात. कथा म्हणून हे उत्तर गंधकापेक्षा मला जास्त आवडते.

आता इतिहास. वज्रेश्वरीचे आजचे किल्लेवजा देऊळ वसईच्या मोहिमेशी जोडलेले आहे. १७३७ साली ठाणे घेतल्यावर दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. किल्ला हाती आला तर देवीचे देऊळ बांधीन असा नवस त्यांनी वडवलीच्या मुक्कामी केला होता आणि पुढे वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकरवी तो फेडला, अशी परंपरा आहे. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांचा, त्यांच्या नवसाचा. मंदागिरीच्या टेकडीवर दगडी तट, पायऱ्या, दीपमाळ. नवसाचा पैसा असा टेकडी चढून देवीकडे गेला. खाली नदीतल्या उन्हाळ्यांना दगडी काठ मिळाले, अग्निकुंड, सूर्यकुंड, चंद्रकुंड, रामकुंड अशी नावे मिळाली, अकलोलीला रामेश्वराचे आणि गणेशपुरीला भीमेश्वराचे सान्निध्य मिळाले. यात्रेकरूने यावे, स्नान करावे, दर्शन घ्यावे, संध्याकाळपर्यंत परतावे. राहायचेच झाले तर धर्मशाळा.

जपान्यांनी देव बाजूला ठेवून व्यवहार पाहिला, असे इथे कोणी म्हणेल. ते खरे नाही. तिथल्या जुन्या झऱ्यांवर याकुशी बुद्धाचे देऊळ असते. याकुशी म्हणजे आपला संस्कृतातला भैषज्यगुरू, औषधांचा अधिपती. झरे शोधून काढण्याचे श्रेय तिथेही भिक्षूंना दिले जाते. म्हणजे आरंभ दोन्हीकडे देवळातच आहे. फरक पडला तो मुक्कामाच्या लांबीने. जपानात झऱ्यावर जाणे म्हणजे 'तोजी', पाण्याचा उपचार. त्याचे एक आवर्तन सात दिवसांचे, आणि पूर्ण उपचार तीन आवर्तनांचा. तीन आठवडे राहायचे तर छप्पर हवे, चूल हवी, अंथरूण हवे. पुष्कळ रोगी तांदूळ-मिसो घेऊन यायचे आणि सराईच्या चुलीवर स्वतःच शिजवून खायचे. आज पाहुण्यापुढे पंधरा वाट्यांचे जेवण मांडणाऱ्या र्‍योकानचे पूर्वज हे असे होते.

हाकोनेचा एक खटला इथे सांगण्यासारखा आहे. एदो (आजचे तोक्यो) ते क्योतो या तोकाइदो राजमार्गावर प्रवाशांनी नेमून दिलेल्या टप्प्यांच्या गावीच रात्र काढावी असा शोगुनांचा दंडक होता. ओदावारा आणि हाकोने हे असे दोन टप्पे. त्यांच्या मधले युमोतो हे गरम झऱ्याचे गाव. तिथे फक्त उपचारासाठी आलेल्याने राहावे. पण भिशीसारखी वर्गणी काढून तीर्थयात्रेला निघणाऱ्या मंडळांना युमोतोत एक रात्र काढून अंग शेकायची गोडी लागली. टप्प्यांच्या गावांचा धंदा बुडू लागला. त्यांनी तक्रार केली. १८०५ साली रस्त्यांच्या कारभाऱ्यांनी युमोतोच्या बाजूने निकाल दिला : एका रात्रीचा उपचार हाही उपचारच. सहलीत आपण जी 'एक रात्र हाकोने' विकत घेतो तिची सनद ही अशी दोनशे वर्षांपूर्वीची आहे. गावाने आपल्या पाण्यासाठी भांडावे, सरकारदरबारी जावे आणि जिंकावे, यातूनच सराईचा धंदा उभा राहतो.

आपल्याकडे झऱ्याच्या बाजूने कोण भांडले? १८८२ या एका सालाकडे पाहा. त्या वर्षी कॅम्बेल यांनी संपादित केलेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. त्यात वज्राबाईच्या झऱ्यांची नोंद आहे. त्याच वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने थॉमस ओल्डहॅम यांची देशभरातल्या उष्ण झऱ्यांची यादी त्यांच्या मुलाच्या संपादनाखाली छापली. मोजणी, वर्णन, सगळे पद्धतशीर. आणि त्याच वर्षी भारतीय सुविधाधिकार कायदा झाला, जो १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू करण्यात आला. ठरीव प्रवाहात न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क त्या जमिनीच्या मालकाचा, असे त्यात उदाहरण देऊन सांगितले आहे. झऱ्याची नोंद झाली, पण झऱ्याला हक्क मिळाला नाही. मिळाला तो सातबाऱ्याला.

पाठोपाठ १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले. झऱ्यांच्या वरच्या अंगाला पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा दगडी बांध, आणि त्यामागचे पाणी नळांतून मुंबईला. सरोवर झाले, पण ते महानगराच्या पिण्याचे. त्याच्या काठी सराई होणे शक्यच नव्हते, आणि न झाली तेच बरे. तानसेचे गार पाणी मुंबईने नेले, गरम पाणी कोणालाच नको होते म्हणून जागेवर राहिले, असा माझा साधा हिशेब आहे.

आता धर्मशाळेकडे येऊ, कारण जपानी सराईचे आपल्याकडचे उत्तर धर्मशाळा हेच होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात होते. आपण या ठरावातले पाणी लक्षात ठेवतो आणि धर्मशाळा विसरतो. पाणी आणि छप्पर बोल्यांनी एका दमात म्हटले, कारण दोन्हींच्या दारात माणसाला एकच प्रश्न विचारला जात होता. र्‍योकानचा मालक पाहुण्याला पैसे विचारतो. आपल्या कुंडाच्या पायरीवर जात विचारली जाई. जपानातही बहिष्कृत समाज होते, तेव्हा त्यांना फार डोक्यावर घ्यायला नको. पण जिथे पाण्यात उतरण्याआधी पाण्याला विटाळ होतो की नाही हे ठरवायचे असते, तिथे अनोळखी लोकांनी एका हौदात बसून आठवडा काढण्याचा धंदा उभा राहणार कसा? माझ्या मते आपल्या उन्हाळ्यांच्या काठी सराई न होण्याचे सर्वांत मोठे कारण हे आहे. भूगोल आणि गरिबी ही कारणे नंतरची.

सव हे उन्हाळे महाडपासून जवळ, सावित्रीच्या काठी. त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यावरचा दावा दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची फार जुनी वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही वहिवाट सिद्ध होत नाही असा निकाल दिला. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९४० मध्ये, जपानच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे वहिवाटीचाच खटला होता. मात्सुमोतोजवळच्या आसामा इथल्या 'ताका नो यु' या झऱ्याचा. तिथे न्यायालयाने वहिवाट मानली : गरम झऱ्यावरचा हक्क जमिनीच्या मालकीपासून वेगळा असू शकतो, मात्र तो लोकांना दिसेल अशा रीतीने जाहीर केलेला असला पाहिजे. दोन्ही निकाल पाण्याचे, दोन्ही वहिवाटीचे. आपल्याकडे वहिवाट मोडावी लागली तेव्हा पाणी खुले झाले. त्यांच्याकडे वहिवाट राखली तेव्हा झरा टिकला. या दोन निकालांना शेजारी ठेवून वाचलेले मी कुठे पाहिले नाही, म्हणून एवढा वेळ घेतला.

याच काळात तानसेकाठी एक यजमान आला. १९३६ च्या सुमारास नित्यानंद स्वामी या भागात आले आणि भीमेश्वराच्या कुंडांजवळ राहिले. तेव्हा तिथे जंगल होते. कुंडे साफ करून बांधून घेणे, येईल त्याला स्नान करायला लावणे, आसपासच्या आदिवासी मुलांना जेवू घालणे, हे भक्तांच्या आठवणींत वारंवार येते. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी समाधी घेतली. तोवर मुंबईहून येणाऱ्यांसाठी खोल्या, खानावळी, एस.टी. असे गाव उभे राहिले होते. जवळच १९५६ पासून मुक्तानंद स्वामींचा आश्रम वाढला आणि सत्तरच्या दशकात तिथे परदेशी साधकांची रीघ लागली. धर्मावर विश्वास असो-नसो, इतिहासाची नोंद अशी करावी लागते की या उन्हाळ्यांना मुक्कामाचे गाव बनवले ते सरकारने नव्हे आणि व्यापाऱ्यानेही नव्हे, एका संन्याशाने.

त्यानंतरचे सगळ्यांना दिसते. परिसरात लॉज आणि रिसॉर्ट आले. पोहण्याचे तलाव आले. शनिवार-रविवारी कुंडाच्या कडेला साबणाच्या वड्या आणि शाम्पूच्या पुड्या पडलेल्या असतात. यावर नाक मुरडून आपण जपानचे कौतुक करतो, पण तिथली स्वच्छता संस्कारांइतकीच कायद्याने आलेली आहे. १९४८ च्या तिथल्या झरा कायद्याने व्याख्या केली : उगमाशी २५ अंशांवर पाणी, किंवा १९ नेमक्या घटकांपैकी एखादा ठरलेल्या प्रमाणात. नवा झरा खोदायला परवानगी लागते. पाण्यात काय आहे याचे पत्रक स्नानगृहात लावावेच लागते, आणि दर दहा वर्षांनी पृथक्करण नव्याने करावे लागते. स्नान करणाऱ्याकडून साधारण दीडशे येन कर घेतला जातो आणि तो स्थानिक पालिकेला मिळतो. देशात असे सुमारे २७ हजार उगम नोंदलेले आहेत. २५ अंशांच्या कसोटीवर आपले एकही उन्हाळे नापास होणार नाही.

यातले आपल्याला काय जमेल? सराई बांधण्याची घाई नको. कुंडाशेजारच्या भूखंडावर खोल बोअर मारली आणि तिने तीच भेग गाठली, तर शेजारचे कुंड गार होऊ शकते किंवा आटू शकते. पंप मालकाच्या हद्दीत असल्याने तक्रार कोणत्या कागदावर करायची हाच प्रश्न. म्हणून आधी नोंद हवी. ग्रामपंचायतीने प्रत्येक कुंडाच्या काठी एक फलक लावावा : पाण्याचे तापमान, पातळी, पृथक्करण आणि मोजल्याची तारीख. एक थर्मामीटर, एक खुणेची काठी, शाळेतली चार मुले, एवढ्यावर हे काम होते. दहा वर्षांची अशी वही हातात असेल तर उद्या कुणी बोअर मारली तेव्हा दाखवायला काही असेल.

वज्रेश्वरीची मोठी जत्रा चैत्र अमावास्येच्या सुमारास भरते. उन्हाळ्याचे दिवस, नदी आटलेली, कुंडांचे काठ उघडे पडलेले. पातळी मोजायला वर्षातला याहून सोयीचा दिवस नाही, आणि त्या दिवशी बघायला माणसेही भरपूर असतात.