एकदम शेकडो फोटोंची नावं बदलायची कशी?

पेण तालुक्यात हमरापूर-जोहेच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्तींचे, तर रोह्यात बुडालेल्या भातशेतीचे फोटो व्हॉट्सॲपवरून संगणकात येतात. नावं मात्र ‘आयएमजी-२०२४०७१२-डब्ल्यूए०००३’ अशी. एकेक बदलायला बसलं तर दिवस जातो.

विंडोजमध्ये सगळे फोटो निवडून एफ२ दाबा, ‘जोहे’ लिहून एन्टर मारा. जोहे (१), जोहे (२) अशी नावं पडतात. मूर्तींना हे चालतं, नुकसानीच्या फोटोंना नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोच्या आतली तारखेची नोंद निघून जाते. उरते ती नावातली, तीही फोटो मिळाल्याची. ती पुसली तर पंचनाम्याच्या वेळी दाखवणार काय? मूळ फोटो फोनमध्ये राहू द्याच.

तारीख राखायची तर मायक्रोसॉफ्टच्या मोफत ‘पॉवरटॉईज’मधलं ‘पॉवररिनेम’ घ्या, त्यात ‘रेग्युलर एक्सप्रेशन’वर टिक करा. उलटी तिरपी रेघ आणि लहान डी म्हणजे कुठलाही एक अंक. पुढे महिरपी कंसात ४ म्हणजे असे चार. वर्षाचे ४, महिन्याचे २, दिवसाचे २ अंक वेगवेगळ्या साध्या कंसात घालायचे. बदलीच्या रकान्यात डॉलर१-डॉलर२-डॉलर३ लिहिलं की २०२४०७१२ चं २०२४-०७-१२ होतं. दुसऱ्या फेरीत ‘आयएमजी’च्या जागी गावाचं नाव. दिसायला किचकट, पण ही युक्ती गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकातच मांडलेली.

आधी फोल्डरची कॉपी काढा. दिवस पुढे आणू नका, नाहीतर जुलै-ऑगस्टचे फोटो एकमेकांत मिसळतात. चुकलंच तर लगेच कंट्रोल-झेड.