पंडिता रमाबाईंच्या दोन शंका

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा बहुधा ‘त्यांनी ते का केले’ या प्रश्नापाशीच थांबते. मला त्यानंतरची वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि खरी झुंज त्यानंतरच सुरू झाली.

अ. भि. शहा यांनी संपादित केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला वाद वाचायला मिळतो. देव एक, तर त्रैक्य कसे? येशूचा जन्म कुमारीच्या पोटी झाला, हे मानलेच पाहिजे का? जेराल्डीनबाईंना या प्रश्नांत अहंकार दिसला. बीलबाईंनी मात्र त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने चर्चा केली. आईकडून संस्कृत शास्त्रे शिकलेल्या रमाबाईंचे म्हणणे असे, की शास्त्रींचे जोखड नुकतेच उतरवले, ते पाद्र्यांचे मानेवर घेण्यासाठी नव्हे. बायबल आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांवर त्यांनी भिस्त ठेवली. क्रूसावरचा मजकूर लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नको, असेही त्यांनी विचारले.

दुसरी शंका अधिक खोलवरची होती आणि ती सिद्धान्तांची नव्हती. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. काम वाढत होते, पण मनाला शांती नव्हती. अशा वेळी विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. वर्षानुवर्षे वेदीवर उभा राहिलेला हा माणूस पुढे एका प्रवचनाच्या वेळी स्वतःच पालटला होता. १९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले. आपण आहोत तशा स्वीकारल्या गेलो आहोत, त्यासाठी पात्रता सिद्ध करायची नाही, हा दिलासा त्यांना तेव्हा लाभला. प्रायश्चित्त आणि पुण्यसंचय यांच्या हिशेबात वाढलेल्या, दुष्काळात आईवडील गमावलेल्या स्त्रीला तो केवढा मोठा वाटला असेल!

या दिलाशाने त्यांची प्रश्न विचारण्याची सवय मोडली, असे मला दिसत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि प्रत्येक शब्द मुळातून पडताळत सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करीत राहिल्या. छपाईचे काम तिथल्याच स्त्रिया करीत. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्याआधी थोडेच दिवस त्यांनी भाषांतराचे काम हातावेगळे केले होते.