एक खोली, तीन पाळ्या

सॉफ्टवेअरचं खातं एक, वापरणारे पाच, वर्गणी वाटून. लहान कचेऱ्यांतली ही काटकसर नवी वाटत असेल, तर मुंबईत चिंचपोकळीच्या जुन्या चाळींकडे वळावं.

गिरण्या जोरात होत्या तेव्हा चिंचपोकळी, लालबाग, डिलाईल रोड भागात ‘बैठकीची खोली’ हा सरळ व्यवहार होता. सातारा-रत्नागिरीकडचे, बहुधा एकाच गावचे गडी एक खोली धरत आणि भाडं वाटून घेत. बीडीडी चाळीतली खोली जेमतेम 160 चौरस फुटांची. तरी तिच्यात वीस-वीस जण मावत, कारण सगळे एका वेळी खोलीत नसतच. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी मध्यरात्रीची. रातपाळीवाला घरी येई तोवर पहिल्या पाळीवाल्याने वळकटी गुंडाळलेली असे. तेवढ्याच जागेत हा आपली पसरी. हक्काचं म्हणाल तर भिंतीला एक खुंटी आणि खाली पत्र्याची पेटी.

जेवणही महिन्याच्या बोलीवर. खाणावळवाली पगार झाला की पैसे घेई, आणि गावी जाऊन आलेला गडी खाड्यासाठी हुज्जत घाली. याच बायांच्या संघटनेसाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. 18 जानेवारी 1982 पासून गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पगार थांबले आणि खाणावळींची उधारी थकली.

खरी गोम भाडेपावतीत होती. पैसे सगळ्यांचे, पावती मात्र एकाच्या नावावर. पुढे हक्काचा प्रश्न निघाला की कागद त्याच्याच बाजूने बोलणार. सामायिक खात्याचंही तसंच. ते ज्याच्या ईमेलवर, तो नोकरी सोडून गेला की उरलेले दाराबाहेर.

फरक मोजणीत आहे. चाळीचं भाडं खोलीमागे असे, डोक्यामागे नव्हे. सॉफ्टवेअर आता सहसा डोक्यामागे मोजतात. पूर्वी तिथेही चाळीसारखी सोय होती: नेटवर्क परवान्यावर एका वेळी ठरावीक जण काम करत, मग ते कोणीही असोत. म्हणजे पाळीचाच हिशेब, तोही कंपनीच्या संमतीने! ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने 2020 पासून हा प्रकार मोडीत काढायला घेतला आणि एका सामायिक परवान्याच्या बदल्यात नावानिशी दोन परवाने देऊ केले. घरोघरी चालणारी पासवर्डची उसनवारी नेटफ्लिक्सने भारतात जुलै 2023 मध्ये रोखली. नावानिशी घेतलेला परवाना दुसऱ्याने पाळी लावून वापरणं आता सहसा कराराचा भंग ठरतं.