संख्येचे बोल आणि संख्येचे मोल

मूल ‘एक, दोन, तीन...’ असे दहापर्यंत म्हणू लागले की घरात कौतुक होते. पण त्याच मुलापुढे सात चिंचोके ठेवून ‘किती?’ असे विचारले, तर ते एखादा चिंचोका दोनदा मोजते, एखादा गाळते. बरोबर ‘सात’पर्यंत पोचले, तरी ‘म्हणजे एकूण किती?’ या प्रश्नावर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. संख्येचे नाव म्हणता येणे, वस्तू किती आहेत हे कळणे आणि अंक लिहिता-वाचता येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहासात डोकावले तर असे दिसते की, निरनिराळ्या काळांत यांपैकी एकेकीवरच भर दिला गेला.

पंतोजींच्या शाळेत भर होता तो तोंडी पाठांतरावर. धूळपाटीवर अंक गिरवायचे आणि पाढे म्हणायचे. साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढाही असे. आज हे सारे निरर्थक घोकणे वाटते. पण तेव्हाचा व्यवहार आठवून पाहा. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. शेराचे १६ छटाक, मणाचे ४० शेर. दीड आण्याला एक नारळ, तर सात नारळांचे किती? दिडकी पाठ असलेला मुलगा ‘साडेदहा आणे’ असे तत्काळ सांगे. हिशेबात पाव, अर्धा आणि पाऊण हे ।, ॥, ॥। असे लिहीत. जितके पाव तितक्या रेघा! अपूर्णांक डोळ्यांना दिसावा अशीच ही सोय होती.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम-मीटर आले. औटकीची गरज संपली. घोकंपट्टी मात्र टिकली. कारण गेले, पद्धत उरली.

वस्तूंपासून सुरुवात करण्याचा विचार युरोपात त्याआधीच रुजला होता. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी काम सुरू केले. त्यांच्या साधनांत आठ छोट्या घनांचा मिळून बनलेला एक मोठा घन होता. तो मोडता-जोडता मुलाला अर्धा, पाव, आठवा भाग हाती लागे. १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले. त्यांच्या दहा संख्यादांड्या १० सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत वाढत जातात आणि त्यांवर तांबड्या-निळ्या रंगांचे पट्टे एकाआड एक असतात. ‘सात’ हा एक लांब तुकडा म्हणून हातात येतो. तीनच्या दांडीला चारची दांडी जोडली की ती सातच्या बरोबरीने येते, हे मूल स्वतः पडताळते.

हा विचार भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आला आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तो मराठी मुलखात आणला. १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. खेड्यातल्या बालवाडीला महागडी साधने परवडणार नव्हती. तेव्हा पाने, बिया, खडे, शंख-शिंपले हीच साधने झाली. मोजणे, जोड्या लावणे, लहान-मोठे असा क्रम लावणे या साऱ्यांना तेवढे पुरते.

पण वस्तू हाती दिल्या की संख्या आपोआप कळते का? जिनिव्हाचे झाँ पियाजे यांनी अलिना शेमिन्स्का यांच्यासह १९४१ साली या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. सारख्याच वस्तूंच्या दोन रांगा मांडायच्या, मग मुलादेखत एक रांग पसरायची. पाचेक वर्षांची बरीच मुले ‘लांब रांगेत जास्त’ असे सांगतात. १९७४ साली मॅक्गॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी यात एक बदल केला. रांग मोठ्या माणसाने न पसरता एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने विस्कटली. आता पुष्कळ अधिक मुलांनी ‘सारख्याच’ असे उत्तर दिले! मोठे माणूस मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारते, तेव्हा उत्तरही बदलायला हवे असा समज मूल करून घेत असावे. वर्गात ‘पुन्हा सांग’ म्हणताना आपण हे लक्षात ठेवायला हवे.

राहिली तिसरी गोष्ट, अंक आणि नाव यांचा मेळ. २१ लिहिताना आधी २, मग १; म्हणताना मात्र आधी ‘एक’, मग ‘वीस’. कानडी, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधी उच्चारतात. मराठी मुलाला उलटे वाचावे लागते, शिवाय ‘त्र्याण्णव’सारखी जोडाक्षरे पेलावी लागतात. म्हणून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात रूढ नावांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशीही वाचनपद्धती आली. गणितज्ञ मंगला नारळीकर या समितीच्या अध्यक्षा होत्या. केवढा गदारोळ झाला! चेष्टा झाली, विधिमंडळातही विषय गाजला. भाषा बिघडेल ही भीती समजण्यासारखी होती. पण ३५ आणि ५३ यांत गोंधळून गणितालाच भिणाऱ्या मुलाचा विचार त्या गदारोळात मागे पडला, असे आम्हांला वाटते.

दोन्ही नावांना वर्गात जागा आहे. काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधा. दोन जुड्या आणि एक सुटी काडी पाहून मूल ‘वीस एक’ म्हणेल. त्यालाच बाजारात ‘एकवीस’ म्हणतात हे मग सांगा. थोडे मोठे झाल्यावर एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे ओळीने फळ्यावर लिहा आणि त्यांतला नियम मुलांनाच शोधू द्या. ‘एकोणनव्वद’पर्यंत नियम बिनतक्रार चालतो. ९९ला मात्र ‘एकोणशंभर’ न म्हणता आपण ‘नव्व्याण्णव’ म्हणतो. ही चुकार संख्या मुलांनी स्वतः पकडली, तर नियम कशाला म्हणतात हे वेगळे शिकवावे लागणार नाही.