आजीचे खाते

12 जुलै 1961 ला सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. हा झाला इतिहास. आमच्या आजीच्या लेखी मात्र त्या दिवशी "चहाला चाळीस माणसं" होती! आमच्या गल्लीत पाणी आले नव्हते. येईल त्याला आजीने घरात घेतले, जाताना प्रत्येकाला एकेक भांडे दिले.

"आजी, नावं तरी लिहून ठेवायचीस गं!"

"भांड्यावर माझं आहे की!"

मी पडलो बँकेतला कारकून. विनातारण कर्ज म्हटले की घाम फुटतो.

आजी गेली. तेराव्याला एक अनोळखी म्हातारे गृहस्थ आले. पिशवीतून पितळी तांब्या काढला. त्यावर आजीचे नाव.

"द्यायचा राहूनच गेला."

मी तांब्या त्यांनाच परत दिला. खाते बंद करण्याचा अधिकार कारकुनाला नसतो.