वाडीतला कोट

पालघर स्टेशनबाहेरून सातपाटीची एसटी धरणाऱ्या बाहेरगावच्या माणसाचे लक्ष बंदराकडेच असते. सातपाटी म्हणजे पापलेट. २०२३ मध्ये राज्य सरकारने त्याला राज्यमासा ठरवले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून मासळीबाजारात हे गाव त्याच्याच नावाने ओळखले जाते. वलांडीवर वाळणारे बोंबील, ओढून घेतलेल्या होड्या आणि लिलावाचा आरडाओरडा पाहायला माणसे येतात, पाहतात आणि परत जातात. वाटेत बंदराच्या अलीकडेच शिरगाव लागते. तिथे समुद्राच्या हाकेवर एक कोट उभा आहे आणि त्याच्यासाठी मुद्दाम उतरणारे फार थोडे.

कोटाला सगळे ‘किल्ला’ म्हणतात, कागदोपत्रीही तो किल्लाच. आत शिरल्यावर मात्र हिशेब जुळत नाही. लांबी साधारण दोनशे फूट, रुंदी दीडशे. म्हणजे सगळी जागा एका एकराच्याही आत. इथून थोड्याच अंतरावरचा वसईचा किल्ला शंभर एकरांहून मोठा. शिरगावात ना चर्चची रांग, ना बाजारपेठ, ना मोठ्या शिबंदीच्या बराकी. चार भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, चढायला दगडी जिने आणि एका अंगाला डोक्यावर घुमटी असलेला मनोरा. हा मनोरा शत्रू टेहळण्यासाठी असेल तेवढाच संध्याकाळी वारा खाण्यासाठीही असावा, असे तिथे उभे राहिल्यावर वाटते. लष्कराला न शोभणारी एक ऐट त्याच्यात आहे.

या किनाऱ्यावरचे असले छोटे कोट समजून घ्यायचे तर लढायांच्या आधी जमिनीचा व्यवहार पाहावा लागतो. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. १५५९ मध्ये दमण त्यांच्या हाती गेले आणि मधला सगळा किनारा, म्हणजे केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू, पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’त आला. एवढा मुलूख सांभाळायला पोर्तुगालहून माणसे आणणार किती? त्यांनी गावेच वाटून टाकली. युद्धात कामगिरी केलेल्या सरदारांना, त्यांच्या विधवांना, चर्चच्या संस्थांना गावे ‘फोरो’ नावाच्या ठराविक वार्षिक खंडावर मिळत. मुंबईच्या फोरास रोडच्या नावात हा फोरो अजून टिकून आहे. खंडाबरोबर एक अट असे: गावाच्या उत्पन्नाच्या मानाने घोडा आणि हत्यारबंद माणसे बाळगायची आणि वेळ आली की सरकारसाठी उभी करायची.

गाव मिळाले की गावात घर आलेच. आणि या किनाऱ्यावर घर बांधायची सर्वांत चांगली जागा म्हणजे वाडी. वाळूचा पट्टा ओलांडला की थोड्या खोदाईवर गोडे पाणी लागते. पावसाळ्यात मुरलेले पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, म्हणून समुद्राला लागून असलेल्या विहिरीही गोड निघतात. उपसा मात्र बेताने करावा लागतो, नाहीतर खालचे खारे वर येते. केळवे-माहीमच्या वाडीवाल्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या रहाट फिरवताना जाणले होते. नारळ, सुपारी, केळी आणि त्यांच्या सावलीत नागवेल, हा इथला जुना ठेका. पोर्तुगीज जमीनदाराने तो बदलला नाही, फक्त मध्ये आपले घर घातले.

१६९५ मध्ये वसईला आलेल्या जेमेली करेरी या इटालियन प्रवाशाने शहराबाहेर मैलोन्‌मैल पसरलेल्या बागा, उसाची शेते आणि त्यांत वसलेली श्रीमंतांची घरे पाहून तसे लिहून ठेवले. शहरात किल्ला, बाहेर बागेतले घर, अशी त्या काळच्या वसईकर पोर्तुगिजाची दुहेरी राहणी होती.

मग या घरांना भिंती कधी चढल्या? याचे सर्वांत चांगले दप्तर शिरगावचे नाही, मुंबईचे आहे. कारण मुंबईतले असे एक घर पुढे इंग्रजांच्या हाती गेले, आणि इंग्रज लिहून ठेवण्यात पक्के.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला. गोव्यात त्याने वैद्यकी केली आणि १५६३ मध्ये औषधी वनस्पतींवरचा आपला संवादरूपी ग्रंथ गोव्यातच छापला. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्याला फोरोवर मिळाले. बेट म्हणजे तेव्हा माडांच्या वाड्या, कोळीवाडे आणि खाजणे. आपल्या ग्रंथात तो मुंबईतल्या एका आंब्याच्या झाडाचे कौतुक करतो, ते वर्षातून दोनदा फळायचे. एवढ्या विद्वान माणसाच्या लेखी मुंबईची ठळक गोष्ट कुठली, तर दोनदा फळणारा आंबा! पुढे धर्मन्यायसभेने या माणसाची, तो ज्यू कुळातला म्हणून, पुरलेली हाडे १५८० मध्ये उकरून जाळली. तेव्हा तो मरून बारा वर्षे झाली होती.

त्याच्या वाडीतले म्हणून मानले गेलेले घर आजच्या फोर्ट भागात, बंदराच्या काठाला होते. १६२६ मध्ये इंग्रज आणि डच आरमारांनी मिळून मुंबईवर छापा घातला आणि हे मोठे घर जाळले. ते पुन्हा उभे राहिले. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुकने इंग्लंडच्या राजाच्या वतीने मुंबईचा ताबा घेतला तो याच घरात. तेव्हा तिथे दोना इग्नेस द मिरांदा ही विधवा बाई मालकीण म्हणून राहत होती. ताबा घेण्याचा विधी असा: कुकने बेटावरची माती आणि दगड हातात घेतले, इकडून तिकडे चालून दाखवले आणि कागदावर सह्या झाल्या. एका साम्राज्याची मोठी ठेव एका बाईच्या दिवाणखान्यातून दुसऱ्याकडे गेली.

१६७३ मध्ये आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने घराचा पूर्वीचा आणि नंतरचा थाट नोंदवला आहे. इंग्रजांना ते मिळाले तेव्हा घर ऐसपैस, पण संरक्षणाच्या नावाने चार पितळी तोफा. भोवताली बाग मात्र अशी, की हिंदुस्थानात तिच्यासारखी रमणीय नाही असा बोलबाला. काही वर्षांत इंग्रजांनी त्या बागेचे मंडप मोडून तिथे तट आणि तोफांचे बुरूज घातले. गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या काळात घराभोवतीचा कोट पुरा होत गेला आणि ‘मुंबईचा किल्ला’ जन्माला आला. ज्याच्यावरून त्या भागाला आजही ‘फोर्ट’ म्हणतात, त्याच्या पोटात मुळात एक बागेतले घर आहे. आता ती जागा नौदलाच्या ‘आयएनएस आंग्रे’ या तळात आहे, सर्वसामान्यांना आत सोडत नाहीत.

घर आधी, तट नंतर. हा क्रम हातात धरून पुन्हा उत्तरेकडे आले की शिरगावचा एकराच्या आतला कोट एकदम ओळखीचा वाटू लागतो. तट घालायला कारणेही होती. मस्कतचे अरब १६७४ मध्ये वसईपर्यंत येऊन लुटून गेले. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी तारापूरपासून वसईपर्यंतचा पोर्तुगीज मुलूख जाळला. डोंगरातून जव्हारकरांचा उपद्रव होताच. अशा मुलखात उघड्या व्हरांड्यात बसून नारळ मोजणे कोणाला परवडणार?

शेवटी तटाचाही उपयोग झाला नाही. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकामागून एक मराठ्यांच्या हाती आली. तारापूर सहज पडले नाही. तिथे बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून ठार झाले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर प्रांत संपला, त्याच्याबरोबर फोरोवरची जमीनदारीही. १८१८ मध्ये इंग्रज अमलाखाली कॅप्टन डिकिन्सन उत्तर कोकणातले किल्ले मोजत फिरला, तोवर या कोटांना लष्करी अर्थ उरला नव्हता.

मग ज्याचे त्याचे नशीब. केळव्याचा भुईकोट सुरूच्या बनात वाळूखाली अर्धामुर्धा गडप झाला. दुर्गप्रेमी पोरांनी घमेली घेऊन वाळू उपसली तेव्हा तो पुन्हा उजेडात आला. केळव्याला सहलीला येणाऱ्यांना हे सुरूचे बन अनादि काळाचे वाटते, पण सुरू मुळी इथला नाही. हे झाड आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचे. पश्चिम किनाऱ्यावर त्याची मोठी लागवड १८६८ च्या सुमारास कारवारकडे सुरू झाली. वाळू धरून ठेवते, खारा वारा सोसते, जळण देते, म्हणून वनखात्याने ते किनारोकिनारी लावले. ज्या कोटावरून पोर्तुगीज माणूस समुद्र बघत असेल, त्याच्यापुढे सुरूचा पडदा नव्हता.

तारापूरचा कोट वेगळ्या वाटेने गेला. पेशव्यांनी तो विकाजी मेहेरजी या पारशी सावकाराला शंभर वर्षांच्या इनामावर दिला. विकाजी आणि त्यांचे बंधू पेस्तनजी मूळचे याच भागातले. पुढे ते निजामाच्या राज्यात एवढे मोठे सावकार झाले की औरंगाबादेच्या टांकसाळीत पडलेल्या रुपयाला ‘पेस्तनशाही’ म्हणत. निजामाला कर्ज देणाऱ्या घराला खाडीकाठचा कोट कशाला हवा होता? उत्तर आत गेल्यावर दिसते. तटाच्या आत विहिरी आहेत आणि झाडे लावलेली वाडी. लढाई संपताच कोट पुन्हा वाडी झाला. शेजारी १९६९ मध्ये देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि ‘तारापूर’ म्हटले की सगळ्यांना तेच आठवू लागले. तटाआडची वाडी आपली शिंपण-खुरपणात राहिली.

इंग्रजांनी मात्र पुढे बागेतल्या घरांना तट घालणे सोडले. समुद्रावर आरमार त्यांचेच होते, मग भिंत कशाला? गव्हर्नरचे मोठे घर आधी परळला, एका जुन्या चर्चच्या वास्तूत होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ ते १८२७ या आपल्या कारकिर्दीत मलबार पॉइंटच्या टोकावर एक बंगली बांधली, उन्हाळ्यात जाऊन राहण्यापुरती. पुढच्या गव्हर्नरांना ती आवडत गेली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी परळच्या घरात कॉलऱ्याने वारल्या आणि १८८५ मध्ये गव्हर्नरचे बिऱ्हाड कायमचे मलबार पॉइंटला हलले. परळच्या रिकाम्या वास्तूत १८९९ मध्ये हाफकिनची प्लेग प्रयोगशाळा आली. ओस पडलेल्या राजवाड्याचा एवढा चांगला उपयोग क्वचितच होतो.

मलबार पॉइंटचे ते ठिकाण म्हणजे पुढे राजभवन म्हणून ओळखले गेलेले आवार. पन्नासेक एकर झाडी, तीन बाजूंनी समुद्र, मोर आणि समुद्राकडे तोंड केलेले सुटे बंगले. तट नाहीसा झाला म्हणावे, तर २०१६ मध्ये तिथे जमिनीखाली जुने इंग्रजी भुयार सापडले. सुमारे दीडशे मीटर लांब, तेरा खोल्यांचे, तोफगोळ्यांच्या कोठारासकट. वर व्हरांडा, खाली तोफखाना! इंग्रजांनी भिंत पाडली नव्हती, फक्त नजरेआड केली होती. २०१९ मध्ये या भुयाराचे संग्रहालय झाले.

शिरगावला या सगळ्यातले काही नाही. तिथे एक गोष्ट मात्र अशी आहे जी ना राजभवनात, ना वसईत: रावणताड. साधा ताड किंवा माड एकाच खोडाने सरळ वर जातो, त्याला फांदी फुटत नाही. रावणताडाचे खोड एका उंचीवर दुभंगून त्याची दोन खोडे होतात, पुढे त्या दोघांची चार, आणि प्रत्येक टोकावर पंख्यासारख्या पानांचा वेगळा झुबका. दहा तोंडांच्या रावणाची आठवण होणारच. गुजरात, दीव आणि इकडचा थोडा पट्टा सोडला तर हे झाड फारसे आढळत नाही. कोटाकडे पाहताना आधी नजर जाते ती त्याच्याकडे, मग भिंतीकडे. मालकाची आठवण करून द्यायला तिथे दुसरे काही उरलेले नाही. छप्पर गेले, दारे-खिडक्या गेल्या, झाडांना मात्र फोरो भरायचा नसतो.

समुद्राकाठच्या घराला भिंत लागते, हे सातपाटीला वेगळ्या अर्थाने माहीत आहे. पावसाळ्यात उधाणाचे पाणी किनाऱ्यावरच्या घरांत शिरते आणि दरवर्षी गावकरी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी घेऊन उभे राहतात. जमीनदाराला भिंत माणसांपासून हवी होती, इथल्या मांगेला मच्छीमारांना ती लाटांपासून हवी आहे. गार्सियाच्या घराभोवती तट चढायला आरमारांनी केलेली जाळपोळ आणि इंग्रज गव्हर्नर लागला. इथे बंधारा वेळेवर दुरुस्त व्हायला निदान तेवढे लागू नये.

पाहायला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. शिरगावला सकाळी जावे. कोट लहान आहे, तासाभरात नीट पाहून होतो आणि नंतर सातपाटीचे बंदर गाठता येते. जिने झिजलेले आहेत, पावसाळ्यात बुरुजावर चढू नये आणि रावणताडाच्या खोडावर नावे कोरू नयेत. तारापूरचा कोट खाजगी वाडी आहे, तिथे आधी विचारून परवानगी मिळाली तरच आत जावे. राजभवन पाहायचे असेल तर ऑनलाइन नोंदणी लागते, ओळखपत्र जवळ ठेवावे.